कोगनोळी नाक्यावरचं कार्ड

सॅनिटायझरचा वास आला की मी अजून कर्नाटकच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर अडकते. कोरोनात निपाणीला माझी आत्या वारली, म्हणून कोल्हापूरहून आप्पांना घेऊन निघाले होते. आप्पा म्हणजे माझे वडील, माजी सैनिक, तेव्हा रोज पेपर वाचून म्हणायचे, “नाके बंद ठेवा. चौकी ढिली पडली की लढाई गेली.” पोलिसानं आमच्या हातावर सॅनिटायझर ओतलं आणि तपासणीचा रिपोर्ट मागितला. तो नव्हताच. मी म्हणाले, “आप्पा, सैनिकाचं कार्ड दाखवा की.” त्यांनी ते काढलं, बघितलं, परत खिशात घातलं. “मला सोडल्यावर त्यो कुणाला अडवंल गं?” तिकडं आत्याला नेलं, तेव्हा आम्ही तापलेल्या गाडीतच बसलो होतो. आप्पा अजून रोज पेपर वाचतात, पण घडी घालताना चौकीचं नाव काढत नाहीत.