मावशीने न उघडलेलं दार

भावना गजभिये आयुष्यात कधी उशिरा पोचल्या नव्हत्या. नागपूरच्या शाळेत शिकवायच्या तेव्हाही घंटेआधी वर्गात हजर. इंजिनिअर नवऱ्यामागे, सुगतमागे, सिंगापूरला आल्या, क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये संसार मांडला आणि अमेरिकन पद्धतीच्या एका शाळेत पहिलीच्या बाई झाल्या. नियम दिसला की पाळायचा, हा त्यांचा स्वभाव. अशी माणसं शाळांना फार आवडतात. मुलांना आवडतात का, ते कुणी विचारत नाही.

या शाळेत अमेरिकेतून पुस्तकं आली, भिंतीवरचे तक्ते आले आणि त्यांच्याबरोबर एक कवायतही आली. बंदूक घेऊन कुणी शाळेत शिरलं तर काय करायचं, त्याची. ज्या देशात साधा फटाका उडवायचा म्हटलं तरी परवानगी लागते, तिथे ही रंगीत तालीम! पण भावनाताईंनी सूचना तोंडपाठ केल्या. भोंगा वाजला की दिवे बंद, दाराला कडी, मुलं कोपऱ्यात चिडीचूप. आणि एकदा लावलेलं दार कुणासाठी, अगदी कुणासाठीही उघडायचं नाही.

त्या दिवशी तालमीचा भोंगा वाजला तेव्हा जाई टॉयलेटला गेली होती. भावनाताईंनीच पाठवलं होतं. जाई म्हणजे सेंगकांग भागात राहणाऱ्या, ओळखीच्या राधिकाची मुलगी. रविवारी बुद्धवंदनेला भेटायची आणि वंदना संपली की हक्काने यांच्या मांडीवर येऊन बसायची. कडी लागली आणि दारावर थाप पडली.

"टीचर? टीचर, ओपन लाह!" इथल्या मुलांसारखा शेवटी 'लाह' लावलेला आवाज.

भावनाताई जागच्या हलल्या नाहीत. मग आवाज बारीक झाला. "मावशी, मी आहे. जाई."

शाळेत मराठी बोलायचं नाही, असं त्या दोघींचं ठरलेलं होतं. कोपऱ्यातल्या मुलांना काही कळलं नाही. कळलं ते एकट्या भावनाताईंना. कडी हाताच्या अंतरावर होती. पण मुख्याध्यापक पाहणी करत त्याच मजल्यावर फिरत होते आणि यांची नोकरी अजून कायम व्हायची होती. हात काही उठला नाही.

तालीम संपली, दार उघडलं, तर जाई बाहेर दप्तरांच्या रॅकमागे अंग चोरून बसलेली. मुख्याध्यापक सगळ्यांदेखत म्हणाले, "मिस भावना, परफेक्ट!" टाळ्याही वाजल्या. भावनाताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जाई रडली नाही, म्हणून त्यांनी तो विषय गिळून टाकला. सुगतलाही सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात राधिकाचा फोन आला. "ताई, जाई पाण्याची बाटली भरलेलीच परत आणते हो. शाळेत टॉयलेटला जातच नाही म्हणते. वर्गात काही झालं का?"

"नाही गं. पहिलीची मुलं, होतं असं," भावनाताई म्हणाल्या. जन्मभर मुलांना खरं बोला म्हणून सांगणारी बाई किती सहज खोटं बोलून गेली!

मग जाईला ताप भरला. लघवी तुंबवून धरल्याने इन्फेक्शन झालं होतं. ते भावनाताईंच्या कानावर आलं. शाळा सुटताच त्या तडक सेंगकांगला गेल्या. सोफ्यावर टेकल्यासुद्धा नाहीत. उभ्या उभ्याच राधिकाला सगळं सांगितलं. थाप, हाक, न उठलेला हात, आणि मुख्याध्यापकांची ती शाबासकीही.

राधिकाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नोकरी सगळ्यांनाच सांभाळावी लागते, ताई. दाराचं मी समजूनही घेईन एखाद वेळेस. पण मी तुम्हाला फोन केला होता ना?"

भावनाताई खाली मान घालून आत गेल्या आणि जाईच्या पलंगावर बसल्या.

"बाळा, मावशीचं चुकलं गं. मी दार उघडायला हवं होतं."

जाईने पडल्या पडल्याच मान हलवली. "नो, मावशी. माझंच चुकलं. मी साबण लावून हात धूत बसले ना, म्हणून लेट झाला. आता मी जातच नाही. आतच थांबते."

भावनाताईंनी बिचकत तिचा हात हातात घेतला. जाईने घेऊ दिला. तिने तो झिडकारला असता, तर त्यांना सोसलं असतं.