पागलबाईने ओंजळ धरली नाही

दारात उभी राहिली की पागलबाई आधी स्वतःच सांगायची, "मी पागलखान्यात आठ महिने राहून आली. आता बोला, घरात कोनाले बरं नाही?" मग मागून कुजबुजणाऱ्या बायांना बोलायला काही उरत नसे. हे नावही तिने आपणच लावून घेतले होते.

कारखान्याचे बांधकाम चालू होते तेव्हा आम्ही भिलाईच्या कॅम्पात राहायचो. दवाखान्याच्या नर्सबाईबरोबर ती घरोघर फिरे, पगार न घेता. देवीची लस टोचताना लेकरू मांडीवर धरायचे काम तिचे. काही बाया लेकरू तिच्या हाती देत नसत. मग ती उंबऱ्यावर बसून राही. "मले घाई नाही. वाट पाहनं मी तिथंच शिकली," म्हणे.

एकीने विचारले, पुन्हा वेड लागले तर? पागलबाई म्हणाली, "ताप येऊन गेलेल्या मानसाले कोनी असं इचारते का वं?"

पहिल्या बाळंतपणात माझे मन फिरले. बाळ रडे आणि मी भिंतीकडे बघत बसे. सासूबाईंनी ठरवले, बाळ इथे ठेवायचे आणि मला माहेरी भंडाऱ्याला पोचवून द्यायचे. मला सगळे ऐकू येई, पण तोंडातून शब्द निघत नव्हता.

जायच्या आदल्या दुपारी, हे ऐकून पागलबाई उन्हातून आली. तिने पाणी मागितले. सासूबाई तांब्या घेऊन वरून ओतू लागल्या. तिने ओंजळ धरली नाही. पाणी जमिनीवर सांडले.

"आजी, गावात पाटलाच्या दारी तुले असंच वाढत होते नं पानी?" ती हळूच म्हणाली. "ते सुटावं म्हनूनच तर आपन बुद्धाची दीक्षा घेतली. मले गिलासात दे."

सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला. मग आत गेल्या आणि स्वतःचा पितळेचा गिलास भरून घेऊन आल्या. तिने तो पूर्ण संपवला.

"सुनेले कुठं धाडू नको. बाळासंगं दवाखान्यात धाडत जाय. मी आहो."

मी गेले नाही. दवाखान्यात ती मला कापसाचे बोळे करायला बसवी. औषध चालू होते. पावसाळा सरता सरता मी बाळाला हाक मारली.

पुढे तिच्या नवऱ्याची बदली झाली. जाताना तिने घरोघर नेत असे ती कापसाची पिशवी माझ्या खांद्याला अडकवली.

चार माणसांत माझे तोंड उघडत नाही. तरी दुसऱ्या दिवशी नर्सबाईबरोबर पहिल्याच दारात मी म्हणाले, "बाळंतपनात माझं मन फिरलं होतं. आता लेकरू माझ्या मांडीवर द्या."

त्या बाईने लेकरू घट्ट धरले. मी उंबऱ्यावर बसले. मला घाई नव्हती.