आठवा डाग

“माणसां चवदा. डाग आठ, ह्या चेडवाक धरून.”

मालवणच्या बंदरावर आगबोटीच्या एजंटाने खलाशाला हे ओरडून सांगितलं. डाग म्हणजे सामानाचे नग. ट्रंका, वळकट्या, सुक्या बांगड्यांच्या टोपल्या मिळून सात. आठवी मी. एकोणीस वर्षांची, फायनल पास झालेली, लहानपणी तापात उजवा पाय अधू झालेली.

आगबोट तेव्हा किनाऱ्याला लागत नसे. लांब खोल पाण्यात उभी राही. माणसं पडावातून तिच्यापर्यंत जात आणि बाजूच्या शिडीने वर चढत. सामान काथ्याच्या जाळ्यात घालून वर ओढत. एजंट बाबांना म्हणाला, शिडी हलते, पोर पडेल, जाळ्यातून सुखाने जाईल. माणूस दुष्ट नव्हता. त्याने मला स्वतःच्या हाताने शहाळं फोडून दिलं. तुला चढता येतं का, एवढं मात्र विचारलं नाही. येत होतं. बाबांनी हात जोडले, “उपकार झाले तुमचे.” मीही जोडले. ते आठवलं की आजही स्वतःच्या हातांची लाज वाटते.

जाळं वर गेलं. मी टोपल्यांवर, गुडघे हनुवटीला टेकलेले, कुबडी छातीशी. कठड्याशी माणसं जमली. कुणी हसलं. कुणी हळहळलं. हळहळ जास्त लागली. वरच्या खलाशाने जाळं सोडलं, एकेक मोजलं, मलाही मोजलं आणि खाली ओरडला, “आठ इले.”

रत्नागिरीला मास्तरणीच्या जागेसाठी मुलाखत होती. पातळाला मागून बांगड्यांचा तेलकट डाग पडला होता. दोनदा धुतला. गेला नाही, वासही गेला नाही. मुलाखतीत साहेबांनी फळ्यावर चार ओळी लिहून दाखवायला सांगितलं. फळ्याकडे जायचं म्हणजे त्यांच्याकडे पाठ करायची. मी उठलेच नाही. म्हणाले, “पायामुळे जमणार नाही.”

चक्क खोटं. आमच्या गावी आचऱ्याला शेजारपाजारच्या मुलांना मी रोज उभी राहून शिकवत होते. साहेब फार गोड बोलले. बसा बसा म्हणाले, चहा मागवला, आणि माझ्या नावावर काट मारली. एजंटाने मला डागांत धरलं, ते त्याच्या तोंडाने. इथे मी माझ्या तोंडाने धरलं. एका डागाची लाज वाटली म्हणून पायावर खोटा आळ घेतला. त्या पायाने मला तिथवर आणलं होतं.

परतीच्या बोटीने निघालो. मालवण आलं. पडाव बोटीला लागला, त्यात तोच एजंट. खलाशाने सवयीने जाळं पसरलं. मी शिडीकडे गेले आणि कुबडी बाबांच्या हातात दिली. पायरीवर बसले. एकेक पायरी खाली सरकत निघाले. मागे माणसं खोळंबली. कुणीतरी वैतागून बोललं. शिडी हलत होती, एजंट म्हणाला होता ते खरंच होतं. भीती वाटली. खूप वाटली. वरून बाबा, “गो, नको गो,” म्हणत राहिले. पडावात पोचले तेव्हा तळहात सोलवटले होते.

एजंट उतरणारी माणसं मोजत होता. माझ्यापाशी येऊन अडखळला.

मी म्हटलं, “माका माणसांत धरा. माजा तिकीट माणसाचा आसा.”

तुझ्या भल्यासाठीच केलं होतं, असं काहीतरी तो पुटपुटला. मी तेच पुन्हा म्हटलं. पडावातले सगळे बघत होते. त्याने मान खाली घातली. “माणसां अकरा,” म्हणाला.

बाबा मागून उतरले आणि त्याच्यापुढे हात जोडायला लागले. मी ते धरून खाली केले. माणसाला माणसांत मोजलं, यात उपकार कसला?

घरी आईने पातळ पुन्हा भिजत घालायला घेतलं. मी हातातून ओढून घेतलं. डाग राहू दे म्हटलं. पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखती निघतील. हेच पातळ नेसून जाईन, शिडीने चढून जाईन. साहेबांनी सांगायच्या आधी उठेन, त्यांच्याकडे पाठ करेन, आणि फळा भरेपर्यंत लिहीन.