खंडेनवमीला अडकलेली मोटार

विश्रामबागेत विष्णुपंतांना न विचारता कुणी नारळसुद्धा फोडत नसे. हळदीच्या पेढीवरची दिवाणजीगिरी सुटल्यापासून गृहस्थांना दुसरा उद्योगच नव्हता. कुणाची पूजा कुठं चुकते हे हुडकत फिरायचं, आणि चूक सापडली की त्यांना जेवण गोड लागायचं.

त्यांची जुनी मोटार ब्रेकच्या कामासाठी सरफराजच्या गॅरेजात पडून होती. सरफराज चहा पाजायचा, गोड बोलायचा आणि "उद्या न्या, काका" म्हणायचा. गिऱ्हाईक वैतागून दुसरीकडं जाऊ नये म्हणून आधी चाकं काढून ठेवायची, ही त्याची जुनी खोड. उद्या-उद्या करत खंडेनवमी उजाडली. आज मात्र मोटार हवीच होती. लेक श्रद्धा लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मलकापूरहून माहेरी यायची होती, आणि "एसटीनं कशाला? मी स्वतः मोटार घेऊन येतो," असं पंतांनी व्याह्यांना ठणकावून सांगितलं होतं.

सकाळी ते भांडायच्या तयारीनंच गॅरेजात शिरले. आत कामगारांनी हत्यारं पुजली होती. एक हातोडा, दोन पाने, वर चार झेंडू. झालं! पंत मोटार विसरले.

"ही काय पूजा म्हणायची? सगळी हत्यारं मांडा! आणि उद्या उत्तरपूजा होईपर्यंत एकालाही हात लावायचा नाही. लावलात तर वर्षभर बरकत नाही, सांगून ठेवतो."

जॅकसकट सगळं पाटावर गेलं. पंतांनी स्वतः हळदकुंकू वाहिलं, खड्या आवाजात आरती म्हटली, पेढा तोंडात टाकला आणि सरफराजला म्हणाले, "बरं, आता माझी चाकं बसव."

"कशानं, काका?"

पेढा घशातच अडकला. मोटार विटांवर, चाकं भिंतीला, पाने झेंडूखाली. पंतांनी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "एक पाना उचल. देवी समजून घेईल."

"न्हाई बा! बरकतीचं आत्ताच तुमी सांगितलासा न्हवं? माझी पोरंबाळं हायत."

पंत खरोखरच रडायच्या बेतात आले. लेक सकाळपासून पिशवी भरून बसली असेल, हे काही डोळ्यांपुढून हलेना. ते बघून सरफराजही वरमला. चाकं कालच बसवायला हवी होती, हे त्यालाही कळत होतं.

"काका, बंद पडलेल्या गाड्या वढून आणायची जीप हाय. ती चालवायला मनाई न्हाई न्हवं?"

"छे! वाहन पुजल्यावर फिरवावंच लागतं," पंतांना शास्त्र लगेच सापडलं.

दुपारी मलकापुरात व्याह्यांच्या दारात झेंडूचे हार घातलेली, मागं लोखंडी आकडा लोंबणारी जीप उभी राहिली. शेजारीपाजारी गोळा झाले. व्याही अनवाणीच धावत आले.

"आवं पंत, कुणाची गाडी बंद पडली? कुणाला वढून न्यायला आलासा?"

पंतांची मान खाली गेली. तेवढ्यात श्रद्धा पिशवी घेऊन पळतच आली आणि बापाच्या शेजारी चढून बसली.

"मला!" ती म्हणाली. "सकाळपासून उंबऱ्यातच बंद पडलेय. निघा अप्पा, लवकर."