गोजरची सुटगाठ

गोजरची तिरडी अंगणात ठेवली व्हती अन् किसनराव पाटील उंबऱ्यापाशी उभा राहून लोकायला सांगून राहिला व्हता, "लई जीव मुक्या जनावरावर. असं माणूस पुन्हा व्हणं न्हाई." माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणलं, पाटील, तुमी तरी बोलू नका! लोकायला वाटलं, बायको गेली म्हून तातेरावचं डोकं फिरलं. फिरलं न्हाई. काय झालं ते मीच सांगतो, कारण केलं ते मीच.

गोजर पुसेगावची. चौदा वर्षांमागं लग्न झालं. लोकायच्या बायका माहेरून भांडी आणतात, हिनं एक कारवानी कुत्री आणली. लांब पायाची, पोट आत गेलेली. माही आई म्हणली, "ह्या उपाशी जनावराला काहून आणलं?" गोजर म्हणली, "आत्याबाई, ती उपाशी न्हाई, ती पळणारी हाये." दुसऱ्या दिवशी कुत्रीनं तुरीतून ससा धरून आणला, तवा आईनंच तिला भाकर टाकली.

त्या एकीपासून तिनं वाण वाढवला. गोरेगाव, सेनगावातून लोक पिल्लं मागायला यायचे. पण तिनं पिल्लू कधी विकलं न्हाई. नेणाऱ्यानं कुत्रीसाठी चोळीचा खण आणायचा. तो खण ती दिवसभर कुत्रीच्या गळ्यात बांधायची. म्हणायची, "ती आपली लेक देऊन राहिली, तिचा मान नको का?" मग नेणाऱ्यानं आमच्या ओसरीवर बसून आपल्या हातानं भाकर चुरून पिल्लाला चारायची. पिल्लानं तोंड फिरवलं तर त्यानं रिकाम्या हातानं जायचं. महिन्यानं ती स्वतः चालत जाऊन पिल्लाच्या फासळ्या चाचपायची, अन् हडकलेलं दिसलं की काखेत मारून सरळ माघारी आणायची. गाव हसायचं. मी बी हसायचो. आमाला लेकरू झालं न्हाई, तवा एकदा चारचौघात म्हणलं व्हतं, "हिला कुत्र्याचीच लेकरं पुरतात." ती पिल्लाच्या कानातले गोचीड काढत राहिली.

किसनराव पाटलाला तिनं तीनदा पिल्लू नाकारलं. त्याच्या बैलांच्या पाठीवरच्या जखमा तिनं पाहिल्या व्हत्या. पाटलाच्या तोंडावर म्हणली, "ज्याचा बैल असा, त्याच्या दारी माही लेक जाणार न्हाई." आज तोच मुक्या जनावराच्या गोष्टी सांगतो. लाज बी न्हाई.

अन् तिची ती गाठ. कुत्रं बांधायचं तर ती नेहमी सुटगाठ मारायची. साध्या ओढीनं हलायची न्हाई, पण कुत्र्यानं बराच वेळ झटके दिले की ढिली व्हत व्हत सुटायची. मी म्हणायचो, बांधायचं तर नीट बांध, हे काय नखरे! ती म्हणायची, "आपण घरी नसलो अन् आग लागली तर? बांधलेल्या जिवाला एक वाट ठेवा लागते. या, शिकवते तुमाला." मी म्हणायचो, कुणब्याच्या हाताला बैलाची गाठ पुरे, ओढंल तितकी आवळणारी.

यंदाच्या वैशाखात रझाकारांच्या टोळीनं शेजारच्या गावातल्या कडब्याच्या गंज्या जाळल्या. आमच्या गावानं पैनगंगेपल्याड वऱ्हाडात, निजामाच्या हद्दीबाहेर पळायचं ठरवलं. पण नदीवर निजामाचा नाका. म्हून लग्नाला निघाल्याचं सोंग घेतलं. बैलांना झुली घातल्या, एका पोरीला हळद लावून नवरी केली, सनईवाला बी घेतला. भर दुपारी वाजतगाजत निघायचं. पाटील मला बाजूला घेऊन म्हणला, "तातेराव, नऊ कुत्री घेऊन कोणी लग्नाला जाते का? ती तुह्या बायकोमागं नाक्यावर आली तर सगळं गाव मरंल. तुह्या बायकोपायी!"

गोजरनंच मार्ग काढला. नऊच्या नऊ गोठ्यात सावलीला बांधली, पाण्याची डोणी भरली, नऊ सुटगाठी मारल्या. म्हणली, "सांजेपस्तोर सुटतील, तवर आपण पार. परसाची भिंत त्यायला काही जड न्हाई. ओढा हाये, ससे हायेत, जगतील."

ती गाडीत बसली. मी कुलूप लावायला माघारी गेलो. सोन्या नावाच्या कुत्र्यानं मला पाहून एक झटका दिला, अन् मला गाठ जराशी हललेली दिसली. पाटलाचा शब्द डोक्यात घण घालून राहिला व्हता. मी हात घातला. एकेकाची सुटगाठ काढली अन् बैलाची गाठ मारली. दोन दिवसांत तर माघारी येऊ, असं वाटलं. आठ झाली. नववी चांदी कोपऱ्यात व्हती, तेवढ्यात सनई सुरू झाली, पाटलानं हाक मारली. मी कुलूप लावलं.

गोजरनं इचारलं, "बराबर हाये नं?"

म्हणलं, "व्हय. बराबर."

दोन दिवसांचे एकोणीस झाले. वऱ्हाडात एका जिनिंगच्या आवारात पडून व्हतो. ती रोज म्हणायची, "सोन्या आता ओढ्यावर असंल." मी मान हलवायचो. तिसऱ्या दिवशी हिंमत करून नदीपस्तोर गेलो. पल्याड निजामाचे शिपाई दिसले अन् माघारी फिरलो. तिला सांगितलं, बैलांना चारा बघायला गेलो व्हतो. थू माह्या जिंदगीवर!

टोळी गेल्याची खबर आली, तशी ती पायीच निघाली. घराजवळ आलो तर वास. शेजारची मदीनाबी रडतच बाहेर आली. "गोजरबाई, दोन दिवस भुंकले. मग नुसते कण्हत व्हते. सहाव्या दिवशी गप्प. भिंतीवरून घागरी ओतल्या मी, पण पाणी त्यायच्यापस्तोर पोचलं न्हाई. महेबूब कुलूप तोडायला निघाला व्हता, मीच नवऱ्याचा हात धरला. उद्या लोक म्हणतील, मुसलमानानं घर लुटलं." तिच्या मागं चांदी उभी व्हती. हडकलेली, पण जिती.

गोजर गोठ्यात गेली. चांदीच्या खुंट्याला मोकळा दोर पडला व्हता. बाकीचे आठ दोर ताणलेले. ती वाकली अन् पहिल्या गाठीवरून बोट फिरवलं. इचारायचं काही राहिलंच न्हाई. मग खाली बसून नखानं, दातानं एकेक गाठ सोडायला लागली. मी विळा आणला, म्हणलं, कापून टाकतो.

"हात नका लावू," ती म्हणली.

त्यानंतर भाकर हाये, पाणी ठेवलं, एवढंच बोलणं. चांदी तिनं मदीनाबीला दिली. मदीनाबीनं न सांगता खण आणला. भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, रझाकार पळाले, पाटलानं गावभर गूळ वाटला. आमच्या वाट्याचा गूळ गोजरनं मुंग्यांना टाकला.

कार्तिकात तापानं धरली. चौथ्या दिवशी तिचे पाय धरून म्हणलं, "गोजर, मला माफ कर. पाटील म्हणला म्हून..."

तिनं डोळे उघडले. "गाठी पाटलानं न्हाई मारल्या." सकाळी गेली.

भावकीतला ग्यानबा तिला तिरडीला बांधायला बसला. सुतळी करकचून बैलाची गाठ मारून राहिला व्हता. मी त्याला ढकललं. म्हणलं, मी बांधतो. हिला हिचीच गाठ मारायची. बसलो. सुतळीचा एक पेड घेतला, खालून काढला, ओढला. बैलाची गाठ. सोडली, फिरून मारली, तरी तीच. चौदा वर्षं ती माह्या डोळ्यापुढं ती गाठ मारत व्हती, अन् मी एकदा बी पाहिली न्हाई! लोक म्हणून राहिले व्हते, तातेराव, ऊन चढलं.

पाटील म्हणला, "झाली की घट्ट. उचला."

अन् त्यायनं तिला तशीच उचलली.