सांगणाऱ्याचं नाव

कोणतंही पुस्तक हातात आलं की मॅडम ते मागून उघडायच्या. आधी संदर्भसूची, मग जमलं तर पुस्तक. यादीवरून बोट फिरवता फिरवता थांबायच्या आणि एखाद्या नामवंत प्राध्यापकाबद्दल शांतपणे म्हणायच्या, "हा माणूस गावात गेलाच नाही जी. याच्या यादीत एकही जिवंत माणूस नाही." गोंदियाच्या आमच्या महाविद्यालयात त्यांना पाठीमागे 'स्वल्पविराम मॅडम' म्हणत. नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही. वापरायचे सगळेच. मीही.

इतिहास विभागात त्या अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होत्या. दर जूनमध्ये नवा अर्ज, नवी मुलाखत आणि समोर तेच लोक. राहायला फुलचूरला एक खोली. माहेर बोदलकसाकडचं, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्या कोहळी घराण्यातलं. गावोगावचे जुने तलाव हाच त्यांचा संशोधनाचा विषय. रविवारी स्कूटी काढायच्या, म्हाताऱ्या माणसांपाशी बसायच्या आणि फोनमध्ये त्यांचं बोलणं टिपून आणायच्या. त्यात सोमाजी नावाचे एक आजोबा होते. तलावातून धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, पाणी सोडायच्या दाराला तिकडे तुडुम म्हणतात. ते तुडुम त्यांनी आयुष्यभर सांभाळलेलं. कुणाच्या बांधीला आधी पाणी, कुणाला नंतर, कोणत्या दुष्काळात कोण कुणाशी भांडलं, सगळं तोंडपाठ. त्यांनी मॅडमना एकच विचारलं होतं, "माहं नाव छापून येईल का, माय?"

"आनीन ना बाबा, छापून आनीन," असं मॅडम म्हणून आल्या होत्या. आल्या त्या थेट माझ्या टेबलाशी येऊन हे सांगत बसल्या. इतक्या आनंदात मी त्यांना क्वचित पाहिलं.

त्याच वर्षी आमच्या विभागप्रमुख सरांनी महाविद्यालयाचं संशोधन-नियतकालिक सुरू केलं. मी सहसंपादक झालो. संदर्भ कसे द्यायचे याचे तीन पानी नियम सरांनी लिहिले, पण ते कुणी पाळेना. कुणी आडनाव आधी लिही, कुणी वर्ष शेवटी. संदर्भ सांभाळणारं एक सॉफ्टवेअर आहे. त्यात नियतकालिकाच्या नियमांची फाइल बसवली की सगळी यादी आपोआप एकसारखी होते. आमच्या नियमांची फाइल मात्र कुठेच नव्हती. सर म्हणाले, "मॅडम, आप ही कर सकती हैं. जरा बघा."

त्यांची दिवाळीची सुट्टी त्यात गेली. जवळपास जुळणारी एक फाइल घेऊन, नोटपॅडमध्ये उघडून, त्या ओळ न् ओळ बदलत बसल्या. मराठी लेखकांपुढे इंग्रजी 'एट अल.' उमटायचं, तिथे 'व इतर' आणलं. खेड्यातल्या माणसांच्या नावांची नुसती आद्याक्षरं व्हायची, ती थांबवली. मला शेजारी बसवून शिकवलं. त्या फाइलीत प्रत्येक सूचना एका खुणेनं उघडते आणि दुसरीनं बंद होते. एक बंद करायची राहिली तर अख्खी फाइल चालत नाही. "उघडलं ते बंद करा भाऊ," त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या, "बाकी यात काही अक्कल लागत नाही."

अडलं ते एकाच ठिकाणी. मूळ फाइल तोंडी मुलाखती यादीत घेतच नव्हती. मॅडमनी त्यासाठी दहा-बारा ओळी स्वतः लिहिल्या: सांगणाऱ्याचं नाव, गाव, काम आणि शेवटी ऐकणाऱ्याचं नाव. सरांना ते पटलं नाही.

"तोंडी माहिती म्हणजे संदर्भ नव्हे, मॅडम. तळटीपेत टाका."

"काऊन जी? ज्यानं सांगितलं त्याचं नाव नाही अन् ज्यानं लिहून घेतलं त्याचंच नाव. हे कसं जमते?"

सर हसले. अंक घाईत होता. "ठीक है, राहू द्या," म्हणाले. मॅडमना वाटलं, आपण जिंकलो.

पुढच्या अंकासाठी त्यांनी तलावांवरचा लेख दिला, सोबत सॉफ्टवेअरमधला आपला सगळा संदर्भसाठाही. सरांनी तो "अजून कच्चा आहे" म्हणून ठेवून घेतला. महिन्याभरानं सरांचा स्वतःचा लेख छपाईसाठी माझ्याकडे आला. तलावांवरचाच. पहिला परिच्छेद बदललेला होता, पुढचं सारं मॅडमचं. मी यादी तयार करायला घेतली, तर सोमाजी आणि इतर सगळे आपोआप उमटले, आणि प्रत्येकापुढे ऐकणाऱ्याचं नाव म्हणून मॅडमचं नाव.

मी सरांना जाऊन दाखवलं. त्यांच्या टेबलावर माझ्या कायम होण्याचे कागद सहीसाठी पडलेले होते. त्यांनी त्या कागदांचा उल्लेखही केला नाही. एवढंच म्हणाले, "एकेक नाव काय काढत बसता? तो नियमच काढून टाका."

मी त्या ओळी पुसल्या. घाईत एक खूण उघडी राहिली आणि फाइल चालेना. मग मी जे केलं त्याची आजही लाज वाटते. ती फाइल मी मॅडमनाच पाठवली. "उघडत नाही, जरा बघता का?" एवढंच लिहिलं. तासाभरात दुरुस्त होऊन परत आली. सोबत निरोप होता: "भाऊ, तुमच्या हातून मुलाखतीचा भाग चुकून उडाला होता. परत टाकून दिला. सांभाळून."

मी त्या ओळी पुन्हा पुसल्या. या वेळी एकही चूक केली नाही. शिकवलं त्यांनीच होतं.

अंक आला तेव्हा आम्ही दोघंच स्टाफरूममध्ये होतो. त्यांनी तो मागून उघडला, बोट यादीवरून खाली नेलं, परत वर आणलं. मग लेखाच्या पहिल्या पानावर जाऊन लेखकाचं नाव वाचलं. मला वाटलं, आरडाओरडा करतील, सरांच्या केबिनमध्ये जातील. त्यांनी अंक मिटला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मी समजली, पहिल्या वेळी चुकीनं झालं," त्या म्हणाल्या. "म्हणून दुरुस्त केलं."

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तक्रारही केली नाही. अकरा वर्षं तासिकांवर असलेली बाई कुणाकडे करणार? जूनमध्ये त्यांची नेमणूक झाली नाही. फुलचूरची खोली सोडून त्या गेल्या. कुणी म्हणे रायपूरला, कुणी म्हणे माहेरी. मी फोन केला नाही. त्यांनी उचलला असता तर काय बोलणार होतो?

मी कायम झालो. सर निवृत्त झाले आणि नियतकालिक माझ्याकडे आलं. त्या ओळी परत टाकायला दहा मिनिटं लागली. टाकल्या. पण आमच्याकडे येणाऱ्या लेखांत मुलाखती नसतातच. गावात जातो कोण?

गेल्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन सोमाजींच्या तलावावर गेलो होतो. ते वारले होते. त्यांच्या सुनेनं अंगणात खाट टाकली, चहा दिला. महाविद्यालयाचं नाव ऐकून ती म्हणाली, "तुमच्या मॅडम आल्या होत्या जी, बाबा होते तवा. हात जोडून माफी मांगली अन् रडल्या. बाबा म्हणे, काऊन रडून राहिली माय? तर काई बोलल्या नाई. कायची माफी होती, आमाले काई समजलं नाई. तुमाले माहीत आहे का?"

विद्यार्थी माझ्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हणालो.