कोबीचं रान आणि हंबीररावांची काडेपेटी

…तर हंबीररावांनी तिसरी काडी ओढली, आणि तीही विझली. काल आपण इथंच थांबलो होतो. पण काल जे जांभया देत होते, त्यांच्यासाठी थोडं मागनं घेतो.

हंबीरराव म्हणजे आमच्या शेजारच्या अंबूबाईंचे थोरले दीर. अंगावर कायम परीटघडी, आणि एकच ध्यास: घरातल्या बाईच्या डोक्यावर पदर पाहिजे. अंबूबाईंच्या डोक्यावर तो कधी टिकला नाही. लग्नाची पंगत असो, म्हशीची धार असो, लांबनं हाक यायची, "अंबूबाई, पदर." बाई पदर वर घ्यायच्या, दोन पावलं टाकली की खाली. चाळीस वर्षं हेच.

गेल्या साली गावच्या बायका वारणानगरला सहलीला गेल्या. बाकीच्यांनी स्टीलचे डबे आणले, अंबूबाईंनी तागाचं बी. पावसाळ्यात आपल्या दहा गुंठ्यांत पेरलं. ताग छातीएवढा झाला, पिवळ्या फुलांनी भरला, पोरी फोटो काढायला यायला लागल्या; आणि बाईंनी तो विळ्यानं कापून जाग्यावरच आडवा केला. वर उसाचा पाला अंथरला आणि त्यात भोकं पाडून कोबीची रोपं लावली. दूधवाला सयाजी म्हणाला, "बाईनं उभं पीक निजवलं की."

आमच्याकडं रान भांगलून, तण काढून आरशासारखं पाहिजे. पाला दिसला की पेटवायचा. हंबीररावांनी निकाल दिला, "घट बसायच्या दिशी बांधावरनं हिरवं दिसलं तर रान तुजं. न्हाईतर ऊस लावणार." अंबूबाईंच्या हातात तेवढाच तुकडा. तो गेला की भाजीचं सगळं संपलं.

घट बसले. पावसानं लावण लांबलेली, रोपं जेमतेम चार पानांची, पाल्यात दडलेली. बांधावरनं नुसतं वाळकं दिसत होतं. हंबीरराव काडेपेटी घेऊनच आले.

मी म्हटलं, "दादा, खाली वाकून बघा तरी."

"काय बघायचं हाय? कचरा हाय की."

पाला दवानं ओला. तीन काड्या गेल्या. चौथीला जरा धूर आला, म्हणून फुंकर मारायला गडी परीटघडीसकट गुडघ्यांवर बसला. हातानं पाला सारला, आणि फुंकर तोंडातच राहिली. पंधरा दिवस पाऊस नव्हता, माझ्या रानाला भेगा पडलेल्या. आणि इथं माती ओली, काळी, गांडुळांनी भुसभुशीत. तणाची काडी नाही. बरोबर नाकासमोर कोबीचं रोप, टवटवीत.

तेवढ्यात बाजूला जाळ धरला. हंबीररावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तिनं तो बडव बडव बडवला. जाळ विझला, टोपीला रुपयाएवढं भोक पडलं, आणि मागं बघतात तर अंबूबाई उभ्या, कमरेवर हात, पदर खांद्यावर.

बोडक्या डोक्यानंच हंबीरराव पुटपुटले, "ऊस ऱ्हाऊ दे. पर रान असं झाकून ठिवायचं असतंय, हे सांगायचं न्हाईस व्हय?"

अंबूबाई म्हणाल्या, "भावजी, आदी टोपी घाला. चाळीस वर्सं माज्या डोक्यावर पदर हुडीकलासा, आन् आज रानाच्या डोक्यावर घातला तर काडी लावाय आलासा व्हय?"